औषध आणि ओळख

जें औषध रोगाच्या कारणाची ओळख करून न घेतांच रोग बरा करतें, तें चांगलें म्हणावें कीं वाईट? प्रथमदर्शनीं हा प्रश्न विचारणेंच वेडेपणाचें वाटेल. आजारी मनुष्य उठून बसला, मग वैद्यानें त्याच्या शत्रूचें नांवगांव विचारलें होतें कीं नाहीं याची पंचाईत कशाला? बुडणाऱ्यास काठावर ओढतांना कोणी नदीची खोली मोजीत बसत नाहीं. तथापि गेल्या पाऊणशें वर्षांत अशा औषधांनीं मनुष्यजातीवर जे उपकार केले आणि त्या उपकारांच्या पोटींच जें संकट जन्मास आलें, तें पाहिलें म्हणजे हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाहीं, नीतीचा होतो. आणि नीतीचा झाला म्हणजे तो वैद्यांच्या गळ्यांत घालून आपणांस मोकळें होतां येत नाहीं.

उपकार आधीं सांगितले पाहिजेत. ते विसरून दोष काढणें कृतघ्नपणाचें होईल. अलेक्झांडर फ्लेमिंग यांस १९२८ सालीं पेनिसिलिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत तें रोग्यांच्या उपयोगीं पडूं लागलें. आपल्याकडे पुण्यानजीक पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला व पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिनचें उत्पादन सुरू झालें. त्यापूर्वीं पायांत मोडलेला कांटा, बाळंतिणीचा ताप, फुप्फुसाचा दाह हीं घरोघर मरणाचीं कारणें होत असत. आज मोठ्या शस्त्रक्रिया, कर्करोगावरील उपचार, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचें संगोपन या सर्वांच्या पाठीशीं हीं प्रतिजैविक औषधें उभीं असतात. तीं नसतीं तर शस्त्रवैद्याची सुरी आजही पूर्वीइतकीच भयंकर राहिली असती.

या औषधांपैकीं पुष्कळांचा मोठा गुण असा कीं, तीं जंतूजंतूंत फारसा भेद करीत नाहींत. एकच गोळी अनेक जातींच्या जंतूंस मारते. त्यामुळें रोग्याच्या शरीरांत नेमका कोण शिरला आहे हें ठरण्याची वाट न पाहतां उपचारास आरंभ करतां येतो. परंतु हाच गुण हळूहळू दोषाचें घर झाला. ओळखण्याची गरज उरली नाहीं, म्हणून ओळखण्याची संवयही उरली नाहीं. साधी सर्दी विषाणूंमुळें होते व तिच्यावर या औषधांचा काडीइतकाही परिणाम होत नाहीं. तरी सर्दीलाही त्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. बरें वाटूं लागतांच उरलेल्या गोळ्या फडताळांत पडल्या व पुढच्या तापांत कोणास न विचारतां घेतल्या गेल्या. पशुपक्ष्यांचें वजन लौकर वाढावें एवढ्यासाठीं त्यांच्या खाद्यांतही हीं औषधें मिसळण्यांत आलीं. कोलिस्टिन हें तर माणसाच्या बाबतींत अगदीं शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावयाचें औषध. तें कोंबड्यांस व इतर खाद्य-पशूंस देण्यावर आपल्या सरकारनें बंदी घातली ती २०१९ सालीं.

परिणाम व्हावयाचा तो झाला. औषधाच्या माऱ्यांतून जे थोडे जंतु स्वभावतःच निभावतात, तेच मागें उरतात व वाढतात. इतकेंच नव्हे, तर औषधास दाद न देण्याची आपली विद्या ते शेजारच्या परजातीय जंतूंसही उसनी देऊं शकतात. फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांतच सांगून ठेवलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट ते औषधास सरावतात. ही सूचना ऐकली सर्वांनीं, पाळली थोड्यांनीं. औषधास न जुमानणाऱ्या जंतूंमुळें २०१९ या एका वर्षांत जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें प्रत्यक्ष दगावलीं, असा अंदाज २०२२ सालीं प्रसिद्ध झाला.

येथें नीतीचा मुद्दा कोणता, तो नीट पाहिला पाहिजे. गोळी माझी असते. मी ती दाम मोजून घेतलेली असते. पण तिच्यांतील प्रभाव माझा एकट्याचा नसतो. मी ती निष्कारण घेतली म्हणजे कोणा अनोळखी माणसाच्या उद्यांच्या औषधांतील कांहीं बळ आज खर्च करतों. त्याची संमति मी घेतलेली नसते. त्यास त्याची कल्पनाही नसते. चोरीच्या व्याख्येंत हें कृत्य बसत नाहीं आणि तरीही दुसऱ्याचें कांहींतरी गेलेलें असतें.

ही गोष्ट नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधील, शेतकऱ्यास समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाहीं. जमिनीखालचें पाणी हें असेंच धन आहे. जमीन ज्याची त्याची, विंधनविहीर ज्याची त्याची. पण खालचें पाणी कोणाच्याही बांधाशीं थांबत नाहीं. एकानें खोल छिद्र पाडलें कीं शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारी त्याहून खोल जातो. औषधांच्या बाबतींत जग हेंच करीत आलें आहे: एक औषध लागू पडेना म्हणून दुसरें जालीम, तें चालेना म्हणून तिसरें. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें मात्र ही शर्यत थांबविली. वर्षाला सरासरीनें ४०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणारें हें गांव. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथें मृद्‌संधारणाचीं व जलसंधारणाचीं कामें झालीं, हें सर्वश्रुत आहे. पण बांधबंदिस्तीहून मोठें काम नियमांनीं केलें. शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, ऊस व केळीं लावावयाचीं नाहींत, आणि पडलेला पाऊस मोजून पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेंत मांडल्यावरच कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवावयाचें. पाणी तेंच, माणसें तींच. बदललें इतकेंच कीं, उपसण्यापूर्वीं मोजण्याची अट गांवानें स्वतःवर घालून घेतली.

औषधांच्या जगांत अशी अट कोण घालील? येथेंच एका जुन्या व मध्यंतरीं विस्मृतींत गेलेल्या उपायाकडे वळावें लागतें. कारण ही अट त्याच्या अंगींच जन्मतः आहे. तो उपाय म्हणजे बॅक्टिरिओफेज. या शब्दाचा अर्थ जंतुभक्षक असा होतो. आपण त्यास नुसतें फेज म्हणूं. फेज हा जंतूंनाच जडणारा विषाणु होय. तो जंतूच्या पृष्ठभागावरील एखादी विशिष्ट खूण ओळखून तेथें चिकटतो, आपलें जननद्रव्य आंत सोडतो, जंतूच्याच सामग्रीनें आपल्या अनेक प्रती घडवितो आणि शेवटीं त्यास फोडून बाहेर पडतो. खूण जुळली नाहीं तर शेजारून वाहत जाऊनही तो त्या जंतूस धक्का लावीत नाहीं. माणसाच्या पेशींशीं तर त्याचें वैरच नाहीं. पृथ्वीवरील फेजांची संख्या एकावर एकतीस शून्यें इतकी असावी असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नदींत, मातींत, गटारांत, आपल्या आंतड्यांत, जेथें जेथें जंतु आहेत तेथें तेथें त्यांचे हे पाठलागी आहेतच.

या उपायाच्या इतिहासांत आपल्या देशाचा भाग मोठा आहे. आग्र्यास असलेले अर्नेस्ट हँकिन यांनीं १८९६ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकांत असें प्रसिद्ध केलें कीं, गंगा-यमुनेच्या पाण्यांत पटकीचे जंतु मरतात; पण तेंच पाणी उकळलें तर हा गुण नाहींसा होतो. हा फेजांचाच प्रताप असें पुढें कित्येकांनीं म्हटलें. स्वतः हँकिन यांचें मत तसें नव्हतें आणि आजही तें निश्चयानें सांगतां येत नाहीं. नागपूरच्या नीरी या संस्थेनें अलीकडे गंगाजलाच्या विशेष गुणांचा जो अभ्यास केला, त्यांतही फेजांचा विचार झाला आहे. निर्विवाद शोध लागला तो १९१५ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक ट्वॉर्ट यांस व स्वतंत्रपणें १९१७ सालीं पॅरिसमध्यें फेलिक्स देरेल यांस. फेज हें नांव देरेल यांचेंच. ते १९२७ सालीं हिंदुस्थानांत आले व पटकीच्या रोग्यांवर त्यांनीं प्रयोग केले. पुढें आसामांत नौगांव भागांतील खेडोपाडीं गांवच्या मुख्यांकडे फेजच्या कुप्या ठेवण्यांत आल्या, आणि तुलनेसाठीं हबीगंज भागांत त्या दिल्या गेल्या नाहींत. पण पटकीची साथ आपोआपही चढते व उतरते. म्हणून श्रेय फेजास किती व निसर्गास किती हा वाद मिटला नाहीं. तेवढ्यांत प्रतिजैविकें आलीं आणि पाश्चात्य देशांनीं फेजांचें नांव सोडून दिलें. जॉर्जियांतील त्बिलिसी येथें १९२३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत मात्र ही विद्या टिकून राहिली.

त्या पहिल्या अपयशाचें एक कारण आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकें आहे. देरेल यांचा असा ठाम समज होता कीं, फेजाची जात मूळांत एकच आहे. शोध लावणाऱ्यासच आपण शोधलेल्या सृष्टीचें वैविध्य दिसलें नाहीं! पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला, तेव्हां कोणास लांब शेपूट, कोणास आंखूड, कोणी नुसता तंतूसारखा, असे त्यांचे नाना आकार डोळ्यांस दिसले. पण तोंवर बाजारांत फेजच्या बाटल्या अनेक विकारांवर सरसकट विकल्या गेल्या होत्या. त्यांतील कांहीं विकारांशीं जंतूंचा संबंधही नव्हता. ज्या औषधाचा सारा पराक्रम ओळखीवर अवलंबून, तेंच ओळखीवांचून वापरलें गेलें. तें फसलें यांत नवल नाहीं.

आज जगभर फेजांच्या वैविध्याचा जो अभ्यास चालला आहे, त्याचें मर्म या चुकीच्या दुरुस्तींत आहे. संशोधक रुग्णालयाच्या सांडपाण्यांतून, नदीच्या काठच्या गाळांतून, गोठ्याच्या नालींतून नमुने आणतात; ज्या जंतूवर उपाय हवा तो काचेच्या तबकडींत वाढवून त्यावर तें गाळलेलें पाणी सोडतात; आणि जेथें जंतूंच्या दाट थरांत स्वच्छ ठिपका पडतो तेथून फेज उचलून त्याची जनुकीय लिपि वाचतात. हें काम किळसवाणें, सावकाश व बहुतेक वेळां निष्फळ दिसणारें असतें. मिळालेल्या शंभर फेजांपैकीं कोणता कधीं कोणाच्या उपयोगीं पडेल हें त्या दिवशीं सांगतां येत नाहीं. पण २०१६ सालीं अमेरिकेंत सान दिएगो येथें टॉम पॅटर्सन हे प्राध्यापक कोणत्याही प्रतिजैविकास दाद न देणाऱ्या जंतूनें मरणाच्या दारीं पोंचले होते, तेव्हां त्यांच्या उपयोगीं पडला तो असा निरुपयोगी वाटणारा संग्रहच. त्यांच्या अंगांतील जंतूवर नेमके चालणारे फेज शोधून ते शिरेवाटे दिले गेले. पहिल्यांस जंतु दाद देईना, तेव्हां नवा शोधावा लागला. आणि ते शुद्धीवर आले, वांचले.

संग्रह वाढविणें म्हणजे मित्र गोळा करणें, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. कांहीं फेज जंतूस न मारतां त्याच्या जननद्रव्यांत घर करून राहतात. पटकीच्या जंतूचें प्राणघातक विष मुळांत त्याचें स्वतःचें नव्हेच. तें त्यास एका फेजानें आणून दिलें आहे, हें १९९६ सालीं सिद्ध झालें. घटसर्पाच्या विषाची कथाही अशीच आहे. एक फेज जंतूस फोडून माणसास वांचवितो, दुसरा त्याच जंतूच्या हातीं शस्त्र देतो. म्हणून वैविध्याचा अभ्यास हा मोजदादीचा छंद नव्हे. मित्र कोण व घातकी कोण हें ठरविण्याची ती एकच वाट आहे.

या ओळखीचें एक अपूर्व फळ येल विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. एका तळ्यांतून त्यांस असा फेज मिळाला कीं, सूडोमोनास नांवाचा हट्टी जंतु ज्या पंपानें प्रतिजैविकें आपल्या शरीराबाहेर फेकतो, त्या पंपाचाच एक भाग हा फेज खूण म्हणून पकडतो. आतां जंतूपुढें पेंच पडतो. पंप राखावा तर फेज मारतो. फेज टाळण्यासाठीं पंप बदलावा तर जुनें औषध पुन्हां लागू पडूं लागतें. जंतु जगतो, पण त्याचा माज उतरतो. नगर जिल्ह्यांतच प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं आपला ग्रंथ सांगितला व त्याच्या शेवटीं पसायदान मागितलें. त्यांत दुष्टांचा नाश मागितलेला नाहीं, त्यांच्या ठायींचें दुष्टत्व जावें एवढेंच मागितलें आहे. ज्ञानेश्वरांस जंतुशास्त्र ठाऊक होतें असा दावा करण्याची हौस मला नाहीं. पण सरसकट संहारापेक्षां दोष तेवढा नेमका दूर करणें हें श्रेष्ठ, हा विचार मराठी मनास परका नाहीं, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. आपल्या आंतड्यांत अन्न पचविणारे व देह राखणारे असंख्य निरपराध जंतु आहेत. सरसकट औषध त्यांचाही बळी घेतें. फेज ज्याचा अपराध त्यालाच शासन करतो.

फेजाची ही संकुचित दृष्टि त्याचा मोठा दोष म्हणून सांगितली जाते. माझें म्हणणें असें कीं, वैद्यकाच्या सोयीच्या दृष्टीनें तो दोष असेल, पण नीतीच्या दृष्टीनें तो गुण आहे. हें औषध आपणांस आळशी होऊं देत नाहीं. हें देण्यापूर्वीं जंतु कोणता हें विचारावेंच लागतें. हिवरे बाजारास जी अट ग्रामसभेंत हात वर करून घालून घ्यावी लागली, ती येथें निसर्गानेंच घातलेली आहे.

यावर एक आक्षेप येतो व तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. अकोले तालुक्याच्या डोंगरांतील एखाद्या पाड्यावरचा मजूर तापानें फणफणलेलें मूल खांद्यावर घेऊन दवाखान्यांत येतो. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते. जंतूची तपासणी करावयाची तर नमुना दूर पाठवावा लागेल व उत्तरास दोन-तीन दिवस लागतील; उद्यां तो पुन्हां येऊं शकेल याची शाश्वति नाहीं. अशा वेळीं डॉक्टरनें सरसकट चालणारें औषध दिलें तर तो अपराधी कसा? आणि त्या बापास ‘थांब, आधीं ओळख पटूं दे’ असें सांगणें ही नीति कीं निष्ठुरता? विवेक ही ज्यांस थांबणें परवडतें त्यांचीच चैन असेल, तर तिचा उपदेश दुसऱ्यास करण्याचा आपणांस अधिकार काय?

हा आक्षेप खरा आहे, आणि तो डॉक्टर अपराधी नाहीं हें मला पूर्ण मान्य आहे. पण या आक्षेपांतून निघतें तें असें नव्हे कीं ओळखीची अट सोडून द्यावी. असें निघतें कीं त्या अटीचा भार कोणीं उचलावा हें आपण ठरवावें. थांबण्याचें कर्तव्य आधीं त्याचें, ज्यास थांबणें शक्य आहे. मुलाची परीक्षा तोंडावर आली म्हणून, किंवा लग्नघरीं आजारपण नको म्हणून, ‘डॉक्टर, जरा जोरदार कांहींतरी द्या’ असें सांगणारे आपणच पांढरपेशे लोक असतों. पाड्यावरचा मजूर नव्हे. कांहीं महत्त्वाचीं प्रतिजैविकें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत व त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी, असा नियम १ मार्च २०१४ पासून अंमलांत आहे. ओळखीच्या दुकानदाराकडून त्यास बगल देण्यांत आपण काय गमावतों याचा हिशेब घराघरांत व्हावयास हवा.

राहिला त्या मजुराचा प्रश्न. त्यास थांबण्याचा उपदेश करण्याऐवजीं त्याचें थांबणें कमी केलें पाहिजे. म्हणजे तपासणीची प्रयोगशाळा त्याच्याजवळ नेली पाहिजे. हें एकट्यादुकट्या रुग्णालयाच्या आवांक्यांतलें नाहीं, तसाच फेजांचा संग्रहही नाहीं. नदीनाल्यांत आपोआप सांपडणाऱ्या वस्तूवर मालकी मिळविणें कठीण असल्यानें धनिक कंपन्यांस त्याचें आकर्षण बेताचेंच. पण एकट्यास न पेलणारें काम अनेकांनीं मिळून करण्याचा धडा याच जिल्ह्यानें देशास दिलेला आहे. प्रवरेच्या खोऱ्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें शेतकऱ्यांनीं सहकारी साखर कारखाना काढला व १९५० सालीं त्याचा पहिला हंगाम झाला. त्याच लोणीस आज वैद्यकीय महाविद्यालय आहे. राहुरीस कृषि विद्यापीठ आहे. माणसाचे, जनावरांचे व पाण्याचे जंतु एकमेकांत मिसळतात, तर त्यांच्या अभ्यासकांनींही एकमेकांत मिसळावें, व साखरेसाठीं जमलें तें ओळखीसाठीं जमवावें, अशी अपेक्षा करणें गैर नाहीं.

फेज हा रामबाण आहे असें मात्र कोणी समजूं नये. भाजलेल्या जखमांवर फ्रान्स व बेल्जियम येथें झालेल्या एका काळजीपूर्वक प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत नेहमींच्या मलमापेक्षां फेजांचें मिश्रण सावकाश काम करणारें ठरलें, कारण तयार केलेल्या मिश्रणांतील फेजांचें प्रमाण फार घटलें होतें. जंतु फेजासही चुकविण्यास शिकतात. उद्यां कोणीं अनेक फेज एकत्र करून ‘सर्व तापांवर’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली दुकानांत ठेवली, तर देरेल यांच्या काळचा बाजार पुन्हां भरेल आणि प्रतिजैविकांची जी गति झाली तीच याचीही होईल.

आरंभीच्या प्रश्नाचें उत्तर तेव्हां असें द्यावें लागतें. रोगाचें कारण न ओळखतां बरें करणारें औषध वाईट नाहीं. संकटकाळीं तें देवासारखें धांवून येतें, आणि तसें तें येत राहावें म्हणूनच तें संकटासाठीं राखलें पाहिजे. वाईट आहे ती त्या औषधानें आपणांस मिळालेली, न ओळखण्याची मोकळीक. ती मोकळीक आपण आपखुशीनें परत केली, तर पेनिसिलिनच्या वंशांतील उरलींसुरलीं औषधेंही पाड्यावरच्या त्या मुलास आणखी पुष्कळ वर्षें वांचवितील.